शहागंजातलं औषधाचं दुकान

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, जगातलं सगळं कळतं. शेअरबाजार कळतो, मधुमेह कळतो, चंद्रावरची माती कळते. आपल्याला काय कळत नाही, एवढंच कळत नाही. आमच्या घरात जावयाला नाही म्हणायची पद्धत नाही. त्यामुळं हा माणूस आईच्या घरी सोफ्यावर पाय पसरतो आणि दर वेळी बिनविरोध निवडून येतो.

त्या रविवारी मीही आईकडं आले होते. दाजी मोबाइल नाचवत आले आणि माझ्या मोठ्या भावाला म्हणाले, "दादा, मेडिकलच्या पायऱ्या झिजवणं बंद! तुमच्या गोळ्या आता घरपोच."

दादाला तरुणपणापासून फिट येतात. साखरपुडा झालेल्या मुलीच्या घरी, सगळ्या पाहुण्यांदेखत त्याला फिट आली आणि लग्न मोडलं. त्यानंतर त्यानं लग्नाचं नाव काढू दिलं नाही. पुढं एका डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या आणि वर्षानुवर्षं एकही फिट आली नाही. वाळूजला एका कारखान्यात तो पॅकिंगला आहे, आईला सांभाळतो, आणि कंपनीत त्याच्या फिटचं कुणालाही ठाऊक नव्हतं. एक गोळी सकाळी, एक रात्री. त्याची नोकरी, त्याची अब्रू, आईचं म्हातारपण, सगळं त्या गोळ्यांवर उभं होतं.

कोपऱ्यावरचा मेडिकलवाला महाखडूस. डॉक्टरची चिठ्ठी बघितल्याशिवाय गोळी द्यायचा नाही. चिठ्ठी जुनी झाली की भर दुकानात ओरडायचा, "फिटच्या गोळ्या अशा मिळत नसतात, नवीन लिहून आणा!" चार बायका मागं वळून बघायच्या आणि दादा मान खाली घालून परत यायचा. दाजींनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "कुणाला कळायचं बी नाय, दादा. डबा घरी येतो. वरती काय लिहिलेलं नसतं."

"चिठ्ठी मागतात का?" मी विचारलं.

"नाय ना! तीच तर मजा आहे."

मजा म्हणे! फिटच्या गोळ्या आहेत का चिंचेच्या? मी वैजापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पोरांच्या वह्या तपासून तपासून माझ्या हाताला लाल पेनची सवय लागली आहे, आणि समोर चूक दिसली की माझ्यानं गप्प बसवत नाही. मी तिथंच माझ्या फोनवर ती वेबसाइट उघडली. वरती एक गोरा डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून दात काढत होता. असले दात आपल्या घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या कुठल्या डॉक्टरचे मी पाहिले नाहीत, आणि रांगेतल्या पेशंटकडं बघून इतकं हसायला त्यांना वेळही नसतो. त्याच्याखाली बरोबरची हिरवी खूण आणि 'शंभर टक्के खात्रीशीर'. मी लायसन्स नंबर शोधला. नाही. फार्मासिस्टचं नाव शोधलं. नाही. बिल मिळेल का, काही पत्ता नाही. दुकानाचा पत्ता मात्र होता, तोही आपल्या शहागंजातला, घड्याळाच्या टॉवरजवळचा.

"दाजी, औषधाच्या दुकानाला लायसन्स लागतं. ते इथं कुठंय?"

"मास्तरीणबाई," दाजी हसले, "जग कुठं चाललंय आणि तुम्ही लायसन्स कुठं शोधताय? रेटिंग बघा ना, रेटिंग!"

रेटिंग देणारे कोण, तर ज्यांना या दाजींसारखे दाजी लाभले असतील ते. मी म्हणाले, मी शहागंजात जाऊन ते दुकान बघून येते, तोवर काही मागवू नका. त्यावर आईचा चेहरा उतरला. "जावयाच्या मागं चौकशी लावती व्हय गं? त्यांना काय वाटंल?" त्यांना काय वाटंल! दादाला काय होईल याचा विचार जावयाच्या मनाच्या खालच्या पायरीवर बसलेला. दाजींनी तेवढ्यात चहा मागितला आणि विषय संपला.

तरी मी निघताना दादाला बाजूला घेऊन बजावलं. तो म्हणाला, फोन करून खात्री करतो. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, एकदम खुशीत.

"अगं, वेबसाइटवर नाव-नंबर भरून फोन लावला. लई चांगला माणूस आहे. फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, जय भीम दादा!"

"मग?"

"मग काय? आपला माणूस आहे."

झाली खात्री. लायसन्स नाही, चिठ्ठी नाही, बिल नाही, पण जय भीम आहे. दादाला नावं ठेवताना माझी जीभ अडखळते, कारण आम्ही दोघं एकाच घरात वाढलो. आमच्याकडं परक्या गावात अनोळखी माणसानं जय भीम म्हटलं की पाणी मिळतं, जेवण मिळतं, रात्रीचा मुक्काम मिळतो. वडील एकदा वस्तीवर आलेल्या अशाच माणसाला स्वतःचं अंथरूण देऊन दाराशी झोपले होते. दादा फसला तो त्याच घराच्या सवयीनं. मी परत परत सांगत राहिले, पण शेवटी तो वैतागला. "तुला कुणावरच विश्वास नाय," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

डबा आला. दाजींच्या मनगटावर त्याच सुमारास एक काळं चौकोनी घड्याळ आलं. नाडी मोजतं, पावलं मोजतं, झोप मोजतं म्हणे. ओळखीचं गिऱ्हाईक आणलं म्हणून त्या वेबसाइटवाल्यांनी भेट दिलं होतं. एवढ्या मोठ्या ज्ञानी माणसाची किंमत केवढी, तर एक प्लॅस्टिकचं घड्याळ. आणि ते दाखवायला दाजी हाफ बाह्यांचे शर्ट घालायला लागले.

जुन्या गोळ्या संपून नव्या सुरू झाल्या आणि काही दिवसांतच दादाला फिट आली. घरी आली असती तर आईनं दार लावून घेतलं असतं. ती आली कंपनीच्या बसमध्ये, पहिली पाळी सुटल्यावर, सगळ्यांच्या मधोमध. कुणी त्याच्या नाकाला चप्पल लावली, कुणी कांदा शोधला, कुणी दातांत चमचा घालायला गेलं, आणि एका शहाण्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढला. दादाची जीभ चावली गेली, कपाळ सीटच्या लोखंडावर आपटलं. इतकी वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट वाळूज ते शहर एवढ्या रस्त्यात सगळ्या शिफ्टला कळली.

मी एसटीनं धावत आले. दवाखान्यात दादा भिंतीकडं तोंड करून पडला होता. दाजी शेजारी उभे राहून आपल्या घड्याळात आपलीच नाडी बघत होते. "माझी पण वाढलीय बघा," ते मला म्हणाले. मला असा संताप आला की ते घड्याळ काढून त्यांच्याच तोंडात कोंबावं.

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट मागवलं. खोक्यावरचा बॅच नंबर एक आणि आतल्या पट्टीवरचा दुसराच. पट्टीवरच्या मुदतीच्या तारखेवर मी अंगठा घासला तर शाई अंगठ्याला आली. डॉक्टर म्हणाले, "यात काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता यायचं नाही, पण तुमचं औषध यात असेल असं मला वाटत नाही. बिल कुठंय?" मी दाजींकडं पाहिलं. दाजींनी छताच्या पंख्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी शहागंजात गेले. जे आधी करायला मला घरानं अडवलं होतं, ते आता कुणाच्या परवानगीशिवाय केलं. पत्ता धरून गेले तर समोर बांगड्यांचं दुकान. काचेच्या हिरव्या-लाल बांगड्या, लाखेचे चुडे, आणि गादीवर मेंदी लावलेल्या दाढीचे एक चाचा. मी औषधांचं नाव काढताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"आप भी? अरे बाजी, यहाँ चूड़ियाँ मिलती हैं, दवाई नहीं! रोज कोई ना कोई आता है. किसने लिख दिया मेरा पता, अल्ला जाने."

मी म्हणाले, माझ्या भावाला तो माणूस आपला वाटला, कारण तो जय भीम म्हणाला.  चाचा आतल्या बाजूला शुगरची गोळी शोधत बसलेल्या आपल्या बायकोकडं बोट दाखवून म्हणाले, "हमारी इनने भी उसीसे शुगर की गोली मँगाई थी, पता पढ़े बिना. फोन पे इनको सलाम बोला था. खैरियत पूछा, दुआ दिया. कल फुलंब्री से एक पाटील आए थे, उनको राम राम बोला. नाम लिखते ना आप लोग उसमें? नाम देखता, और वैसा बोलता."

मी तिथंच स्टुलावर बसले. चाचांनी पाणी दिलं. एवढा वेळ मी या चोराला अडाणी समजत होते. फिटवर काय द्यायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, पण कुठल्या आडनावाला काय म्हणायचं, ते बरोबर पाठ होतं. थू त्याच्या जिंदगानीवर. चोरी करायची तर कर मेल्या, पण आमच्या बापजाद्यांनी ज्या शब्दावर मान वर करून चालायला सुरुवात केली, तो शब्द आमिषासारखा गळाला लावायचा?

औषध प्रशासनाच्या कार्यालयात आणि सायबर पोलिसांत मी तक्रार दिली, गोळ्यांची पट्टी दिली. चौकशी चालू आहे. खडूस मेडिकलवाल्याकडून नव्या चिठ्ठीवर गोळ्या आणल्या. त्यानं याही वेळी आवाज चढवला आणि मला तो आवाज पहिल्यांदाच गोड लागला. कंपनीनं दादाला डॉक्टरच्या दाखल्यावर परत घेतलं, पण आता त्याच्याशेजारी बसमध्ये कुणी बसत नाही. आणि दाजी? "माझ्या मनात काय वाईट नव्हतं," असं म्हणून ते मोकळे झाले. घड्याळ अजून घालतात. आई अजून त्यांना पहिला चहा देते.

मी आईकडंच असताना एका दुपारी दादाचा फोन वाजला. त्यानं स्पीकरवर घेतला. "जय भीम दादा! गोळ्या संपत आल्या असतील ना?" दादाला भुलवणारा गोड आवाज तो हाच. मी फोनवर झडप घालणार, पोटभर शिव्या देणार, तेवढ्यात दादानं हात वर करून मला थांबवलं. समोरचा परत म्हणाला, "जय भीम दादा, ऐकू येतंय का?" दादाचे ओठ हलले. लहानपणापासून या शब्दाला उत्तर द्यायचं राहिलं नव्हतं, त्यामुळं उत्तर आपोआप ओठांवर आलंच होतं. ते त्यानं तसंच गिळलं आणि फोन बंद केला.

मागच्या आठवड्यात मी वैजापूरहून त्याला फोन केला. माझं नाव त्याच्या फोनवर दिसतं, फोटोसकट.

"जय भीम, दादा," मी म्हणाले.

 पलीकडं आईच्या टीव्हीचा आवाज येत होता. मग दादानं हळूच विचारलं, "कोण बोलतंय?"