सिनाईचा धुरा आणि जिनिंगची भिंत

“ओव्हरसिअर, तुमची पाइपलाइन गुंडाळा आन् इस्रायल कुठी हाये ते दाखवा,” अध्यक्ष म्हणाले.

मी टेबलावर नळयोजनेचा नकाशा पसरून उभा होतो. साल सदुसष्ट. तिकडची इस्रायल-अरबांची लढाई नुकतीच थांबली होती, आणि इकडे पाऊस कधीही लागणार होता. अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या एका लहानशा नगरपालिकेत मी ओव्हरसिअर होतो. म्हणजे इंजिनिअरचं काम आणि सगळ्यांची बोलणी, दोन्ही एकाच पगारात.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहीर कितीही खोल खणा, पाणी खारटच लागतं. गावात नळ आले होते, पण गावाबाहेरची बौद्ध वस्ती राहिली होती. तिथल्या बायका तेच खारं पाणी लेकरांना पाजत. पाइप येऊन पडले होते. अलाइनमेंट, म्हणजे पाइप ज्या रेघेत पुरायचे ती रेघ, मी आखून दिली होती. फक्त मंजुरी हवी होती आणि तीही लवकर. कारण काळ्या मातीत पाऊस मुरला की चर खणता येत नाही, कडा ढासळतात. पाऊस लागला तर वस्तीचं आणखी एक वर्ष गेलंच.

अडचण एवढीच, की माझी रेघ ज्या सरकारी बोळातून जात होती, त्या बोळात अध्यक्षांच्या जिनिंगची भिंत आली होती. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. भिंत एकदम आली नव्हती. आमच्याकडे धुरा, म्हणजे शेताचा बांध, शेजारी दरवर्षी वखरताना थोडा थोडा कोरत जातो. तशीच ही भिंत दर डागडुजीला थोडी थोडी पुढं सरकली होती.

अध्यक्ष बापूसाहेब नळाच्या विरोधात कधीच बोलले नाहीत. ते हा विषय शेवटी ठेवत, आणि शेवट आला की सभा तहकूब करत. विरोधी पक्षाचे सदस्य तीन. त्यांचे पुढारी वानखडे वकील त्याच वस्तीत राहत आणि अमरावतीच्या कोर्टात वकिली करत. त्यांनी घोषणा देऊन पाहिल्या. सभात्यागही करून पाहिला. ते बाहेर गेले तेव्हा बापूसाहेबांनी त्यांच्या वाटचा चहा उरलेल्यांत वाटून टाकला.

म्हणून त्या दिवशी वकिलांनी इस्रायलचा ठराव आणला तेव्हा मला त्यांचा रागच आला. वस्ती तहानलेली आणि हा माणूस इस्रायलनं इजिप्तकडून घेतलेल्या सिनाईच्या वाळवंटावर बोलणार. बापूसाहेब मात्र खुलले. दिल्लीचं सरकार अरबांच्या बाजूचं, बापूसाहेब सरकारच्या बाजूचे, आणि इस्रायलवर बोलण्यात संध्याकाळ सहज निघून जाणार होती.

शाळेतून जगाचा नकाशा आणवला. त्यावर सिनाई माझ्या नखाएवढी निघाली. मग चर्चा सुरू झाली, ती आमच्याच पद्धतीनं. एकानं उतार कोणत्या बाजूला आहे ते विचारलं. दुसऱ्याला त्या जागेत विहीर कोणाची ते हवं होतं. तिसऱ्यानं तिथल्या पटवाऱ्याला बोलवायची सूचना केली, आणि ती जवळजवळ मंजूर झाली. भाजीच्या मळ्याचे मालक तुकारामजी, बापूसाहेबांच्याच पक्षाचे सगळ्यांत वडीलधारे सदस्य, यांनी मला मोजणीची साखळी तिथवर पुरेल का ते विचारलं. मी म्हणालो, ऑफिसची साखळी इथल्या वलगावपर्यंतही पुरत नाही. तिकडे माणसं घरंदारं सोडून निघाली होती आणि आम्ही चहा पीत उतार पाहत होतो. मला लाज वाटत होती आणि हसूही येत होतं.

वकिलांनी मसुदा वाचला. इस्रायलनं बळकावलेल्या जमिनीतून मागं सरावं, एवढंच त्यात होतं. मग ते अगदी साध्या चेहऱ्यानं म्हणाले, “बापूसाहेब, एकट्या इस्रायलचंच नाव काहून घ्या? धुऱ्याचा न्याय सगळ्याइले एकच असते.”

बापूसाहेबांना हे फारच आवडलं. त्यांनी उठून स्वतः ठराव सांगायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या जागेत शिरलेल्यानं, मग तो कोणीही असो, आपण होऊन मागं सरावं. धुऱ्याच्या भांडणात पंच मुदत देतात हे आठवून “आठ दिवसांत” हेही त्यांनीच घातलं. ठराव एकमतानं पास झाला. टाळ्या वाजल्या. दिल्लीला तार करायचं ठरलं.

बापूसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. ते तहकूब म्हणायच्या आत वकील उठले.

“आता ओव्हरसिअर साहेबाइनं आपला नकाशा पुन्हा उघडावा. जिनिंगची भिंत बोळात किती शिरली, तेवढं सभेले सांगावं.”

मी बापूसाहेबांकडे पाहिलं. नोकरी त्यांच्या हातात होती. पण नकाशावरची रेघ सगळ्यांना दिसत होती, आणि खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. मी सांगितलं, अर्धा बोळ.

बापूसाहेब म्हणाले, तो ठराव परराष्ट्राचा आहे, त्याचा नगरपालिकेशी काय संबंध. तेव्हा तुकारामजींनी घसा खाकरला.

“बापूसाहेब, धुऱ्यावरचा शब्द आहे. आमी हात वर केले आहेत. आता फिरलं तर पोरं हसतीन.”

आमच्याकडे माणूस कोर्टात शपथ मोडेल, पण धुऱ्यावर पंचांसमोर दिलेला शब्द मोडत नाही. बापूसाहेब खाली बसले. नळाचा विषय चर्चेशिवाय मंजूर झाला.

भिंत त्यांनी स्वतः पाडली, आठ दिवसांच्या आत. चर खणला, पाइप पडले, आणि पाऊस लागायच्या आधी वस्तीतल्या नळाला पाणी आलं. पहिला हंडा भरताना एका म्हातारीनं ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि म्हणाली, “गोड आहे वं माय.” माझे डोळे भरून आले.

बापूसाहेबही आले होते. त्यांनी वकिलांना विचारलं, “इस्रायल सरकलं का?”

“नाई.”

“मंग साऱ्या दुनियेत तुमचा ठराव पाळणारा मी एकलाच निघालो.”

“ठराव तुमचाच होता, बापूसाहेब,” वकील म्हणाले.

त्यानंतर मी अकोल्यात आणि आणखी बऱ्याच ठिकाणी नळयोजना केल्या. एक नियम सोडला नाही. पाइपलाइनचा नकाशा उघडण्याआधी अध्यक्षांना परराष्ट्र धोरणावर मनसोक्त बोलू द्यावं.