जरा उजळ

डब्लिनमध्ये आम्ही दोघी एका घरात भाड्याने राहायचो. मी ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर, ती चित्रकार. तिचा जन्म डब्लिनचा, आईवडील नायजेरियाचे. तरी दुकानात कुणी ना कुणी विचारायचंच, मूळची कुठली? मला विचारलं की मी सांगून मोकळी व्हायचे. ती चिडायची.

२०२०च्या वसंतात तिची आई गेली. वृद्धाश्रमात कामाला होती, तिथेच करोना झाला. अंत्यविधीला मोजकीच माणसं. लागोसच्या मावश्यांनी तो चर्चच्या कॅमेऱ्यातून पाहिला. शवपेटीवर आईचा फोटो ठेवला होता, पण कॅमेऱ्यात चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग आला. "त्यांना आई दिसलीच नाही," घरी आल्यावर ती म्हणाली.

म्हणून उन्हाळाभर तिने टॅबलेटवर एकच चित्र काढलं. आईचा चेहरा. त्या काळ्या रंगात ती काय काय शोधत बसायची! गालावर जांभळाच्या सालीचा निळा, कपाळावर तांब्याची झाक. लॉकडाउनमुळे प्रदर्शन ऑनलाइन होणार होतं. वेबसाइटचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. हौस दांडगी.

माझ्या फोनवर चित्र फारच गडद वाटलं. मी चेहरा जरा उजळ केला. तिला विचारलं नाही, कारण यात विचारण्यासारखं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. मी सावळी. नागपूरला स्थळांसाठी माझे फोटो काढायचे तेव्हा आई स्टुडिओवाल्याला दर वेळी सांगायची, "भाऊ, जरा उजळ करून द्या हं." तो द्यायचा. आम्ही त्याला फोटो चांगला येणं म्हणायचो.

प्रदर्शन सुरू झालं त्या सकाळी ती चहाचा मग घेऊन खाली आली, फोन उघडला आणि उभीच राहिली.

"हे तू केलंस?"

"फोनवर नीट दिसत नव्हतं, म्हणून..."

"ही माझी आई नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहा मिनिटांत मी मूळ चित्र परत चढवलं. पण तोवर मावश्यांनी उजळ केलेलं चित्र फोनवर उतरवून घेतलं होतं, आणि ते घरच्या ग्रुपवर फिरत होतं. तिने मूळ चित्र तिथे पाठवलं, चूक झाली म्हणून लिहिलंही. सांत्वनाच्या मेसेजांच्या ढिगात ते कुणी वाचलं नसावं.

२०२१मध्ये पहिल्या स्मृतिदिनाची प्रार्थना स्क्रीनवरच झाली. लागोसला मावश्या, मामा, पोरंबाळं, सगळ्यांनी तिच्या आईचा चेहरा छापलेले टीशर्ट घातले होते. तोच चेहरा, मी केलेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, पुढे जायचा धीर झाला नाही.

थोरली मावशी कॅमेऱ्याजवळ आली, टीशर्ट दोन्ही हातांनी ताणून धरत म्हणाली, "बघ, तुझं चित्र. तुझ्यामुळे ती आम्हाला दिसली, बाळा."

"थँक यू, आंटी," ती म्हणाली.