पेवातला गारवा

दिवा विझला. बादलीत रॉकेलची चिमणी ठेवून दोरानं पेवात सोडली होती. तळाला टेकायच्या आधीच ज्योत बसली. वारा नव्हता. बादली वर ओढली तेव्हा वात अजून धुपत होती. मी चिमणी पदराआड धरली आणि घरात हाक मारली — "मीरा, चल, उतर."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लेकाला नाही, देवापुढंही नाही. तुम्हालाच का सांगते? माहीत नाही.

मीरा माझी सून. दोन मुली झालेल्या, तिसऱ्या वेळचा सहावा महिना चाललेला. आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या जवळ. अंगणात सासऱ्यांच्या वेळचं पेव आहे — ज्वारी साठवायला जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड एका माणसापुरतं, वर फरशी. घरात पोती रचायला लागलो तसं ते रिकामं पडलं. सासऱ्यांनी शिकवलं होतं, आधी दिवा सोडायचा. विझला तर आत वाईट हवा आहे, उतरायचं नाही.

लेक बाळू मोसंबीचा ट्रक घेऊन कोकणात जायचा. एका खेपेला गाडी बिघडली म्हणून समुद्राकाठच्या गावात अडकला. तिथं लोक कासवाच्या अंड्यांची राखण करत होते. घरी आला अन् जेवताना सांगत बसला — "माय, कासवीण वाळूत अंडी पुरून निघून जाती. वाळू गार राह्यली की नर निघतात, तापली की माद्या. अन् आईबापाचंबी असतं काही. एकाच वाळूत एकीची पिल्लं तगतात, दुसरीची न्हाई."

आईबापाचं मी सोडून दिलं. बापावर बोट गेलं म्हणजे माझ्या लेकावर गेलं — ते कसं ऐकू? गारव्याचं तेवढं धरून ठेवलं. मीराच्या दोन्ही मुली भर उन्हाळ्यातच पोटात होत्या. आमच्याकडचं ऊन — पत्र्याखाली बसवत नाही. बाई म्हणजे कासव नव्हे, एवढी अक्कल नव्हती का मला? होती. चौथीपर्यंत शाळा शिकले आहे. पण नातू हवा होता.

मग दुपारची तिला पेवात बसवायला लागले. पहिल्या दिवशी शिडीवर पाय ठेवून हसली. "आत्याबाई, मी काय कासवीण हाय का?"

"कासविणीला तुझ्याएवढं तोंड नसतं. उतर."

आणखी गार व्हावं म्हणून रोज सकाळी मी तळाला पाणी ओतायची. गारवा उडू नये म्हणून दुपारपर्यंत फरशी लावून ठेवायची. तळाला उरलीसुरली जुनी ज्वारी चिकटून बसली होती. ती भिजली, कुजली. आंबूस वास यायला लागला. तरी दिवा रोज जळत होता. त्या दिवशी नाही जळला — आणि मी मनात म्हटलं, वारा असेल.

वारा नव्हता, हे आधी सांगितलंच आहे.

ती उतरली. मी तोंडाशी बसले. पेवातून बोलणं गोल होऊन वर येतं, कुणी दुसरंच बोलतंय असं वाटतं. "आत्याबाई, डोकं जड होऊन राह्यलं."

"बस गप. गार वाटंल."

थोड्या वेळानं — "आत कुणीतरी हाय. श्वास ऐकू येऊन राह्यला."

तो तिचाच होता. भराभर चाललेला, कुत्र्याच्या धापेसारखा. मलाही वरून ऐकू येत होता. मग बांगड्या एकदा वाजल्या. मग काहीच नाही.

तेव्हा ओरडले. शेजारचा सलीम धावत आला, कमरेला दोर बांधून, श्वास रोखून उतरला. धावून आलेल्या चौघांनी दोघांना ओढून काढलं. खोकत खोकत त्यानं मला पहिलं हेच विचारलं — "चाची, दिवा सोडला होता का न्हाई?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? ती आपली आपणच उतरली." चिमणी माझ्या मागंच होती.

जीपनं अंबडच्या दवाखान्यात नेलं. पोर पोटातच गेलं होतं. मुलगी होती. ते कळलं आणि मला क्षणभर हलकं वाटलं — हेही आज सांगते.

मीराला त्या दुपारचं काही आठवत नाही. मी सांगितलं तेच तिनं धरलं. गाव तिला बोलत राहिलं — पोटुशी असून गारव्याच्या हौसेनं पेवात गेली, लेकरू घालवलं. बाळू कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. तेव्हा मी तोंड उघडू शकत होते. उघडलं नाही. ती भाकरी वाढताना अजून मधेच म्हणते, "माझंच चुकलं, आत्याबाई." मी भाकरी मोडते आणि खाते.

पेव दगड टाकून बुजवलं आहे. दुपारी त्याच्यावर बाज टाकून पडले की खालून भराभर श्वास ऐकू येतो. दगडात कोण श्वास घेईल? तरी बाज मी हलवत नाही.

त्या दुपारी पेवात दोन जीव उतरले होते. मीरा जगली.