डॅम्प, दमट आणि मोठे मामा

इंग्रजी भाषेचा जन्म भडगाव तालुक्यात झाला, असं मानणारे जगात एकटे माझे मोठे मामाच असतील. खाटेची कॉट झाली, चंपीचा शाम्पू झाला, एवढं त्यांनी कुठेतरी ऐकलं आणि ते खरंच निघालं. तेव्हापासून त्यांना आवरणं कोणालाच जमलं नाही. एकदा व्यापाऱ्यानं त्यांच्या कापसात मीटर खुपसून मॉइश्चर, म्हणजे ओल, जास्त आहे म्हणत भाव पाडला, तर ते दुःख बाजूला ठेवून मामा त्यालाच समजावू लागले की हा शब्द मुळात आपला मऊशार. मागे गाड्यांची रांग खोळंबली. मामी म्हणतात, यांच्यापुढे कोणी इंग्रजीत शिंकूसुद्धा नये.

पण त्यांचा खरा जीव डॅम्पवर. तो दमटपासूनच झाला, याची त्यांना इतकी खात्री की देवपूरच्या कॉलेजात मी इंग्रजी विषय घेतला, तेव्हा त्यांनी पारावर जाहीरच केलं, आता भाचा पुराव्यानिशी सांगेल. मग मी गावी आलो की शब्द सापडला का, अशी पारावरून हमखास विचारणा व्हायची, "काय भो, मामाना शब्द सापडना का?" घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. माझ्या शिक्षणाकडे कोणी काही मागितलं असेल, तर ते एवढंच.

ग्रंथालयातल्या जाडजूड कोशात मी तो शब्द काढला. दमटचा पत्ताच नव्हता. डॅम्प आला होता जर्मनीकडच्या भाषांतून, आणि आधी त्याचा अर्थ होता वाफ, खाणीतला विषारी वायू; ओलसरपणा फार नंतरचा. इतकं काही सापडल्याचा आनंद झाला, पण मामांना हे कसं सांगायचं तेही कळेना. रविवारी शेतात मामांना मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"पहिले काय अर्थ व्हता त्याना?"

"वाफ."

मामांनी वाकून मूठभर माती उचलली. "मंग हाऊ वाफसा काय शे?"

पेरणीजोगी ओल जमिनीत राहिली की आम्ही वाफसा आला म्हणतो. आयुष्यभर हा शब्द ऐकला, पण त्यातली वाफ मला कधी दिसलीच नव्हती. त्या जर्मनीकडच्या लोकांनाही वाफेतूनच ओल सुचली, असं मामा पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि आम्ही दोघं बांधावर येड्यासारखे हसलो.

पारावर मात्र त्यांनी स्वतःच सांगितलं की डॅम्प आपला नाही. लोकांनी खूप चिडवलं. आता एखादा नवा शब्द सुचला की मामा आधी माझ्याकडे बघतात आणि हळूच विचारतात, "भाचा, म्हनू का?"

मला कसंतरीच होतं. मी कोश न बघताच हो म्हणतो.