नसीर मुलाणीची एक्केचाळीस मशिनं

मी भिंतीत खिळा ठोकला आणि भिंत फुसकारली.

कासार आंबोलीत फुसकारा ऐकला की माणूस आधी पाय वर घेतो, विचार मागाहून करतो. मीही हातोडीसकट सोफ्यावर चढलो. साप काही निघाला नाही. फुसकारा दोन-तीन मिनिटं चालला, बारीक होत होत थांबला, आणि तोवर इमानेइतबारे गार हवा देणारा आमचा एसी नुसता वारा घालू लागला. छत्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस मी. भिंतीतून गॅसचा तांब्याचा पाइप गेलाय हे मला ठाऊक होतं. नेमका कुठून गेलाय ते माझ्या आधी खिळ्याला सापडलं.

खिळा होता निवृत्तीच्या सत्कारात मिळालेलं मानपत्र टांगायला. भोक पडलंच होतं, तेव्हा मानपत्र टांगून टाकलं. भोक झाकलं गेलं. बायको, हेमलता, भाजी घेऊन आली तेव्हा मी घामाघूम होऊन पेपर वाचत बसलो होतो.

"एसी बिघडलाय वाटतं," मी म्हणालो.

"बिघडेल कसा? मागच्याच आठवड्यात नसीरभाई सर्व्हिसिंग करून गेले ना!"

"हो ना," मी म्हणालो. इतकंच म्हणालो. पुढचं सगळं त्या दोन शब्दांनी केलं.

नसीर मुलाणी हा पिरंगुटच्या बाजारातला एसीवाला. पन्नाशीचा, उंच, अंगानं शिडशिडीत. आधी तिथल्याच एका शीतगृहात कामाला होता. पंख्याच्या पात्यानं त्याच्या डाव्या हाताच्या बोटाचं एक पेर नेलं आणि पुढं मालकानं शीतगृह बंद करून नोकरी नेली. उरलेल्या बोटांवर त्यानं दुकान टाकलं. आमच्या बंगल्यांच्या सोसायटीतल्या एक्केचाळीस मशिनांचं वर्षाचं कंत्राट त्याला मिळालं, तशी त्यानं रिहे गावाकडची फुटकळ कामं सोडून दिली. "घर ह्या एक्केचाळिसांवर चालतंय सर," म्हणायचा, "दुकान म्हंजे निस्ता बोर्ड."

कायमचे राहणारे आमच्यासारखे दोन-चार सोडले, तर बाकीचे बंगले पाच दिवस बंद आणि दोन दिवस उघडे. त्यात मुळशीचा चार महिन्यांचा पाऊस. मशिनं ओलीनं गंजायची, उंदीर वायरी कुरतडायचे, पाली आतल्या सर्किटवर जाऊन भाजून मरायच्या. नसीर ती पाल चिमट्यात धरून घरमालकापुढं करायचा. "ह्यो बघा तुमचा भाडेकरू. भाडं न देता गेला." आणि काम झालं की मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख, गॅस किती भरला, काय बदललं, सगळं बारीक अक्षरात लिहून ठेवायचा. प्रत्येक मशीनची पत्रिकाच. झाकण उघडलं की आधी ती वाचायचा, मग पान्याला हात घालायचा.

त्याचं शास्त्रही सरळ होतं. "धा वर्षं झाली की मशीनला मोकळं करायचं. त्याच्या आत आसलं आन दुरुस्ती नव्याच्या निम्म्यावर गेली, तरी मोकळं करायचं. न्हाईतर गुमान दुरुस्त करायचं." समोरच्या बंगल्यातल्या गृहस्थांनी तेरा वर्षांच्या मशीनला नवा कॉम्प्रेसर बसव म्हणून त्याच्या मागं टुमणं लावलं, तेव्हा म्हणाला, "मढ्याला पावडर लावायचं काम मी करत न्हाई." ते गृहस्थ दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा नव्या मशीनच्या सर्व्हिसिंगसाठी.

तर हा नसीर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. झाकण उघडून पत्रिका वाचली. पाइपात हवा भरून दाब दिला आणि साबणाचा फेस घेऊन भिंतीला कान लावत निघाला. मानपत्रापाशी थांबला. हेमलता चहा टाकायला आत होती. त्यानं मानपत्र उचललं, भोकावर फेस लावला. फेसाला टम्म फुगा आला. नसीरनं त्या फुग्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. त्यानं फेस फडक्यानं पुसला आणि मानपत्र होतं तसं टांगून, वर सरळ करून ठेवलं.

हेमलता चहा घेऊन बाहेर आली. "काय झालंय?"

"पाइप गळतोय, वैनी. भिंत फोडत न्हाई, त्यो आतच ऱ्हाऊ द्या. नवा वरनं टाकतो. मशीन सहा वर्षांचं हाय, आजून चार वर्षं काय हूत न्हाई त्याला. पाइप आन गॅस धरून साडेचार हजार, मजुरी येगळी."

"मजुरी कसली? तुम्ही हात लावून गेल्यावरच बिघडलंय ना!"

नसीर पुन्हा माझ्याकडं बघू लागला. आता काही तरी बोलणं भागच होतं, आणि अशा वेळी मला विनोद सुचतो. छत्तीस वर्षं वर्ग असाच सांभाळला.

"अगं, नसीरभाईंचा हातच असा आहे," मी म्हणालो. "लागला की मशीन प्राण सोडतं!"

हेमलता खळखळून हसली. नसीर हसला नाही. दुपारपर्यंत खपून त्यानं नवा पाइप टाकला आणि मजुरी घेतली नाही. जाताना दारात चप्पल घालत म्हणाला, "रविवारी मीटिंग हाय नव्हं सोसायटीची? कंत्राटाची?"

"आहे."

"तुमी येनार?"

"येणार की."

"मग झालं तर," असं म्हणून तो गेला.

हेमलतेनं माझा विनोद संध्याकाळच्या आत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. एकीला आठवलं की नसीर येऊन गेल्यावर तिच्याही एसीतून पाणी ठिबकलं होतं. एकाचा फ्रिज बिघडला होता, ज्याला नसीरनं कधी बोटही लावलं नव्हतं; तोसुद्धा खात्यावर जमा झाला. "लागला की प्राण सोडतं" हे वाक्य इतकं चाललं की शनिवारी दूधवाल्यानं ते मलाच ऐकवलं.

मीटिंगला नसीर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खुर्च्या भरलेल्या, म्हणून दाराशी उभा. आमची सेक्रेटरी ज्ञानदा हिंजवडीत नोकरी करते, तिला सगळं झटपट लागतं. तिनं पुण्याच्या एका कंपनीचं पत्रक वाचून दाखवलं आणि मग माझं वाक्यही वाचून दाखवलं. सगळे हसले. काहींनी माझ्याकडं बघून टाळ्या वाजवल्या. मी मान लववली. सवय असते.

"नसीरभाई, तुम्हाला काही म्हणायचंय?" ज्ञानदानं विचारलं.

नसीर तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघत राहिला. चांगला वेळ बघत राहिला. माझ्या बशीत एक बाकरवडी होती. ती मी खूप नीट खाल्ली.

"न्हाई," नसीर म्हणाला.

कंत्राट कंपनीला गेलं. कंपनीची माणसं मेमध्ये आली. टाय लावलेली, हातात टॅब. त्यांनी झाकणं उघडली, पेन्सिलीच्या अक्षरांना 'घाण' म्हणाली आणि ओल्या फडक्यानं पुसून काढली. मग एक्केचाळिसांतली सव्वीस मशिनं बदलायला झाल्याचं जाहीर केलं. त्यात एक तीन वर्षांचं होतं. आमचं सहा वर्षांचंही होतं. "दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा नवं घ्या सर, जुन्याचे दोन हजार देतो." ग्रुपवर यावर एकही हसरं तोंड उमटलं नाही. पण मीटिंगमध्ये टाळ्या वाजवून झाल्यावर पुन्हा नसीरला बोलवा म्हणायचं कुणी? सगळ्यांनी नवी घेतली. मीही.

जुनं मशीन उतरवायला कंपनीनं माणूस पाठवला, तो नसीर होता.

दुकान त्यानं जूनच्या आतच सोडलं होतं. कंपनीच्या हाताखाली रोजावर लागला होता, जुनी काढायला. नवी बसवायला त्यांची माणसं वेगळी. अंगात कंपनीचा निळा टी-शर्ट, दुसऱ्याच कुणाचा तरी, खिशावर दोऱ्यानं 'राजू' भरलेलं. सोसायटीच्या दारावरचा नवा वॉचमन त्याला राजूच म्हणाला आणि नसीर "व्हय" म्हणाला.

हेमलता देवळात गेली होती. त्यानं खालून शिडी लावली, बाहेरचं युनिट सोडवलं, दोरीनं उतरवलं. मी अंगणात चहाचा कप घेऊन उभा राहिलो. त्यानं चहा घेतला नाही.

"नसीरभाई," मी म्हणालो, "तो खिळा मी ठोकला होता."

"ठावं हाय." तो दोरी गुंडाळत होता. "फेस मीच लावला नव्हं."

"मग त्या दिवशी मीटिंगमध्ये तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यानं मशीन खांद्यावर घेतलं, तोल सावरला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,

"तुमी बोलाल म्हनून गप बसलो."