वहिनीचं 'पाहिलं'

आजारी माणसाच्या घरात गोळ्यांची रिकामी पाकिटं साठतात, तसे किस्सेही साठतात. पाकिटं कचऱ्याच्या गाडीत टाकता येतात. किस्से मात्र पाहुणे आले की बाहेर येतातच! आमच्याकडचे बहुतेक माझ्या धाकट्या भावाचे, दिलीपचे. तो जळगावला पाइपच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे, खोली घेऊन एकटा राहतो. मी धुळ्याला, देवपुरात. त्याला बायपोलर आहे. म्हणजे कधी मन इतकं वर जातं की झोप नको, जेवण नको. आणि मग इतकं खाली, की अंथरुणातून उठणं नको.

हे किस्से सगळ्यांत चांगले तोच सांगतो. सगळे हसतात. मीही हसतो, पण तो किती भरभर बोलतोय याकडे माझा एक कान असतो.

*

एका हिवाळ्यात त्याने अख्ख्या ऑफिसला भरीत पार्टीचं आमंत्रण दिलं. शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या, वांगी भाजली, पुऱ्या तळल्या. मंडळी जेवायला बसणार, तोच बांधावरून एक आबा आले.

"वांगी माझी, पऱ्हाट्या माझ्या, शेत माझं. पाहुणे कोणाचे?"

शेत कोणाचं, हे दिलीपने विचारलंच नव्हतं!

"तुमचेच, आबा!" असं म्हणून त्याने पहिलं ताट त्यांनाच वाढलं. आबा पोटभर जेवले.

ऑफिसात हा किस्सा अजून सांगतात. त्यानंतरचा उन्हाळा दिलीपने आमच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून काढला, ते कोणी सांगत नाही. त्यातच एका दुपारी तो घरात दिसेना. शेवटी नरडाण्याच्या स्टेशनवर बाकावर बसलेला सापडला. "गाड्या बघत होतो," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून फोन वाजला की मी आधी उठून उभा राहतो, मग नाव वाचतो.

*

पुढे डॉक्टरांनी त्याच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. रोज सकाळी मन कसं आहे, झोप किती झाली, गोळी घेतली का, ते भरायचं. पावलं आणि कॉल ते आपलं आपण मोजतं. सगळं ठीक असेल तर हिरवं, नाहीतर पिवळं, नाहीतर लाल. ही नोंद विश्वासातल्या एका माणसाच्या फोनवर जाते. त्या माणसाने ती उघडली की दिलीपच्या फोनवर खूण उमटते: 'पाहिलं'.

"दादांचा नंबर टाकू?" डॉक्टरांनी विचारलं.

"दादा नको! नोंद पिवळी झाली की दादा लाल होतो. वहिनीचा टाका."

सुधाने, माझ्या बायकोने, ते काम लगेच अंगावर घेतलं. "भाऊजी, माझा कुकर लागायच्या आत नोंद आली पाहिजे हं!"

तो म्हणायचा, वहिनीचं 'पाहिलं' आल्याशिवाय मी चहाच ठेवत नाही.

*

एकदा भर दुपारी सुधाच्या फोनवर लाल आलं. सकाळपासून कॉलच कॉल! मी होतो तसा जळगावच्या बसमध्ये बसलो.

खोलीवर पोचलो तर दिलीप शांत झोपलेला. शिंदखेड्याकडचे आमचे नाना खाटेवर मांडी घालून त्याच्या मोबाइलवर मुलीच्या लग्नाची आमंत्रणं करत होते. त्यांचा रिचार्ज संपला होता.

मला घामाघूम बघून ते घाबरले. "काय व्हयनं? बठ्ठं ठीक शे ना?"

एक फोन म्हणजे एक माणूस, असं त्या अ‍ॅपला वाटतं. ते आमच्या घरात कधी आलेलं नाही!

*

कानबाईचा तर कहरच. श्रावणात आमच्याकडे देवी बसते. रात्रभर गाणी, घर भरलेलं, झोपायचं कोणी नाव काढत नाही. दिलीपने आधीच नोंदीत लिहून ठेवलं: 'आज कानबाई आहे. जागरण होईल.' तरी सकाळी लाल!

डॉक्टर नागपूरकडचे. पुढच्या वेळी त्यांनी गंभीरपणे विचारलं, "ही कानबाई कोण? ती नेहमी यांना जागं ठेवते का?"

सुधा हसून हसून खुर्चीतून उठेना. मग म्हणाली, "भाऊजी, डॉक्टरांना रोट पाठवायला हवा होता प्रसादाचा!"

*

गेल्या दिवाळीनंतर सुधा गेली. मेथी निवडत होती. छातीत दुखतंय म्हणाली. यात किस्सा नाही.

*

दिलीपने अ‍ॅपमधला नंबर बदलला नाही. मीही बदल म्हटलं नाही. तिचा फोन मी चार्ज करत राहिलो आणि रोज सकाळी त्याची नोंद उघडत राहिलो.

हिरवं. दुसऱ्या दिवशी हिरवं. तेराव्यालाही हिरवं!

वहिनी गेली आणि हा ठीक? त्या हिरव्याची मला लालपेक्षा जास्त भीती वाटायला लागली. विचारावं तर म्हणणार, पहारा करतोस का? मग एका सकाळी मी तो फोन बंद केला आणि तिच्या साड्यांच्या कपाटात ठेवून दिला.

दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी दिलीपला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. ऑफिसात विचारलं, तर आज आलाच नाही म्हणाले.

जळगावची बस धरली. पारोळा, एरंडोल. समोरून धुळ्याच्या बस जात होत्या. मी रिंग देत होतो.

त्याच्या खोलीचं दार बंद. लॅचचं कुलूप, त्यामुळे माणूस आत आहे की बाहेर ते कळत नाही. मी पुन्हा फोन लावला, आणि रिंग दाराच्या आतून ऐकू आली.

"दिलीप!" मी दारावर हात मारत राहिलो. घरमालकीण जैनकाकू धावत आल्या. "सकाळपासून नाही हो दिसले! थांबा, दुसरी चावी आणते." त्या जिन्यावरून घाईघाईने खाली गेल्या.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं: सुधा.

उचलायला वेळ लागला.

"दादा, आहेस कुठे तू?" दिलीपचा आवाज. "घराला कुलूप! माझ्याकडची किल्ली होती म्हणून आत आलो. माझा फोन गडबडीत खोलीवरच राहिला, आणि वहिनीचा बघतो तर कपाटात!"

"तू धुळ्याला कशाला गेलास?"

"कशाला म्हणजे? दोन दिवस वहिनीचं 'पाहिलं' आलं नाही. मला वाटलं, तुला काही झालं की काय!"

मी दाराला पाठ लावून खाली बसलो. काकू चावी घेऊन वर आल्या, माझ्याकडे बघून थांबल्या.

"जळगावला आहेस ना? मग काकूंकडून चावी घे," दिलीप म्हणाला. "आजची नोंद राहिली आहे. तेवढी भरून टाक."

"काय भरू?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"तुझंच भर," तो म्हणाला.