दाराजवळची जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवून दोनदा बसलो होतो — एकदा बायकोपुढे, एकदा थोरल्या भावापुढे. दोन्ही वेळी झालं असं, की शाळा उघडण्याआधीच्या आठ दिवसांपासून मी सुरुवात केली. सारवण, चुना, फळा, सगळं रंगवून रंगवून सांगितलं, आणि जिथून पुढे बोलायचं होतं तिथेच थांबलो. ऐकणारा म्हणाला, किती मन लावून करायचात हो! आणि मी ते कौतुक मुकाट्याने खिशात घातलं. आता ती दोघंही नाहीत. तेव्हा तुम्ही ऐका. आणि मी पुन्हा सारवणापाशीच रेंगाळायला लागलो, तर ओळखा की म्हातारा पळवाट शोधतो आहे.

पण सुरुवात तिथूनच करावी लागणार. त्याला इलाज नाही.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. बदनापूर स्टेशनापासून चार कोसांवरच्या एका गावात मी मास्तर होतो. मूळचा अंबडचा, वय तेवीस, अंगात उत्साह मावेना असा. शाळा म्हणजे चावडीला लागून असलेली एक लांबट खोली आणि पुढे अंगण. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या खोलीत गावच्या शेळ्या मुक्काम करायच्या, आढ्याला चिमण्यांचे संसार, भिंतींना वाळवी. शाळा उघडायच्या आठ दिवस आधी मी गावात हजर व्हायचो. दुसऱ्या गावांतले मास्तर पहिल्या दिवशी सकाळी यायचे आणि पोरांकडूनच खोली झाडून घ्यायचे. मला ते पटत नसे. पोरं आली की खोली त्यांची वाट बघत असली पाहिजे, असं मी म्हणायचो. मोठं छान वाक्य आहे, नाही?

जमीन खणून, चोपून, दोन हात सारवून घ्यायचो. भिंतींना चुना. फळ्यासाठी बाभळीचा कोळसा खलून त्यात डिंकाचं पाणी घालायचं आणि चिंधीने तीनदा पुसून काढायचा — वाळला की काळाभोर. भिंतीवरची आला हजरतांची, म्हणजे निजामाची, तसबीर उतरवून काच पुसायची. मुळाक्षरांचे तक्ते मी स्वतः काढायचो. गवतातला ग गवतासारखा हिरवा. मग पोत्यांच्या पट्ट्या अंथरायच्या आणि ओल्या चुन्याने जमिनीवर रेघा मारायच्या — इथे पहिली, इथे दुसरी, इथे पाटलांची दोन्ही मुलं, इथे मारवाड्याची मुलगी, इथे कुणब्यांची पोरं. कुणी कुठे बसायचं हे मी ठरवायचो. तालीमातचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब दौऱ्यावर आले की इतर मास्तरांना म्हणायचे, शाळा कशी मांडावी ते यांच्याकडून शिका.

बघा, रेंगाळलोच.

या सगळ्या तयारीला केरसुण्या लागत. त्या आणायचा भिवा. गावाबाहेर मांगवाडा होता — तेव्हा तसंच म्हणायचे — तिथे तो राहायचा. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या आणि विहिरीच्या पोहऱ्याचा दोर, दोन्ही शाळेला तोच पुरवायचा. अंगणाच्या कडेला ठेवून हाक मारायचा आणि मागे सरायचा. मी नव्या केरसुणीला हळदकुंकू लावून ती आत न्यायचो. केरसुणी म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मी आत, आणणारा बाहेर — हे तेव्हा मला खुपलं असेल का? नाही. खोटं कशाला बोलू.

भिवाला एकच मुलगी, सारजा. एका वर्षी केरसुण्या ठेवून तो गेला नाही, उभाच राहिला. दोर घेऊन जालन्याला गेला असताना त्याने छावणीकडच्या एका घरासमोर एक पोर पाहिली होती, ती आईला पत्र वाचून दाखवत होती. भिवा म्हणाला, "म्या उभाच राह्यलो जी. एवढीशी पोर, अन् कागद बोलून राह्यला तिच्या तोंडून. आमच्या सारजीला घ्याल का?"

मी लगेच म्हणालो, "आण की. सरकारी शाळा आहे." साहेब तर बजावूनच जायचे, की जातीवरून कुणाला परत पाठवू नका. मला स्वतःचा अभिमान वाटला. त्या दुपारी रेघा मारताना मी दाराजवळ, बाकीच्यांपासून दोन हात सोडून, एक छोटा चौकोन आखला आणि त्यात पोत्याचा एक वेगळा तुकडा अंथरला. सारजाची जागा. वेगळी का होईना, पण आतली.

संध्याकाळी पाटील खोली बघायला आले. दरवर्षी यायचे. फळ्यावर बोट फिरवलं, तक्त्यांकडे पाहून हसले. मग दाराशी थबकले. "गुरुजी, हे कुनासाठी वो?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. धमकी नव्हती. ज्या आवाजात माणूस विचारतो, ही खुंटी कशाला, त्याच आवाजात त्यांनी विचारलं. आणि मी — मी म्हणालो, "रांजणासाठी."

"बराबर," ते म्हणाले, "पान्याला जागा पाह्यजेच." आणि गेले.

त्यांना कळलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. पुढचं सगळं मी एकट्याने मनात रचलं. पाटील पोरं काढतील, त्यांच्यामागे कुणबी काढतील, पट कमी झाला की शाळा बंद, शाळा बंद की मी अंबडला आईच्या दाराशी परत. कुणी म्हटलं होतं असं? कुणीच नाही. विचारून पाहिलं मी? तेही नाही. मी पोत्याचा तुकडा गुंडाळला आणि तिथे रांजण आणून ठेवला.

आता कानाचं सांगतो.

तेव्हा खेड्यात जन्माच्या नोंदी कोण ठेवणार? पोर शाळेच्या वयाचं झालं की नाही हे बघायची एकच रीत होती. उजवा हात डोक्यावरून घ्यायचा आणि डाव्या कानाची पाळी पकडायची. पकडता आली तर पोर शाळेत, नाही आली तर पुढच्या साली. पहिल्या दिवशी अंगणात हा सोहळाच असायचा. आया, आज्या, रडणारी पोरं. मी एकेकाचा हात धरायचो. मारवाड्याच्या धाकट्याची बोटं चांगली दोन इंच कमी पडत होती. मी त्याची मान हळूच कलती केली, कोपर वर ढकललं, आणि म्हणालो, शाबास, लागला! सगळे हसले. गोड पोरगं होतं.

सगळी झाल्यावर भिवाने सारजाला पुढे केलं. तेल लावून चापून बसवलेले केस, आईच्या जुन्या लुगड्याचा परकर. तिला हात लावायचा नाही म्हणून मी चार हात दूर उभा राहिलो, तिच्या डाव्या अंगाला. भिवा उजवीकडे, मागे. म्हणजे कान फक्त मला दिसत होता.

तिने हात डोक्यावरून घेतला. डोळे मिटले. मी म्हणालो, "मान ताठ ठेव." तिने ताठ ठेवली. बोटं केसांवरून सरकत सरकत खाली आली आणि —

लागली. तिची दोन बोटं कानाच्या पाळीला लागली. मी पाहिलं. तिलाही कळलं असणार, कारण तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसली.

मी म्हणालो, "एक बोट कमी आहे. पुढच्या वर्षी आण."

एवढंच. साप मेला आणि काठीही मोडली नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. साहेबांचा हुकूम मोडला नाही, पाटलांचं मन मोडलं नाही. मोडलं ते फक्त सहा वर्षांच्या पोरीचं हसू, आणि ते कुठल्याही रजिस्टरात येत नाही. तिने हात खाली घेतला, बोटांकडे पाहिलं आणि पुन्हा कान चाचपला. आपल्याच कानावर तिचा विश्वास बसेना. मास्तर खोटं कसं बोलेल? बोटंच चुकली असतील.

दुसऱ्या वर्षी ती आली तेव्हा तिचा पंजा अर्धा कान झाकत होता. मी म्हणालो, कोपर वाकतंय, असं चालत नाही. अशी काही रीत नव्हती. मी तिथे उभ्या उभ्या काढली. त्या वर्षी भिवाने मला केरसुण्या देताना हसत हसत सांगितलं होतं, "चिंचीच्या फांदीला लोंबकळत राह्यती जी दिवसभर. म्हनती, हात लांब व्हतो. खाली उतर म्हनलं तर आयकतच न्हाई." मी पण हसलो होतो. नंतर रात्रभर तळमळलो, असं सांगितलं तर बरं दिसेल, पण मी छान झोपलो. फळा चांगला वाळला होता, तेवढंच मनात होतं.

तिसऱ्या वर्षी भिवाने काही विचारलं नाही. सारजाहून लहान पोरं माझ्यासमोर पाढे म्हणत होती, ती त्याला दिसत नव्हती थोडीच? तो केरसुण्या ठेवून निघाला होता. पण पहिल्या दिवशी अंगणात नव्या पोरांची रांग लागली असताना माझं लक्ष कडेला गेलं. सारजा एकटीच येऊन उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं. तिने उजवा हात डोक्यावरून घेतला होता आणि डावा कान मुठीत धरला होता — आख्खा कान, घट्ट. मान ताठ. कोपर सरळ. मी सांगितलेलं सगळं बरोबर. मी बघेन म्हणून ती उभी होती.

मी पाठ फिरवली. खोलीत गेलो आणि स्वच्छ फळा पुन्हा पुसायला लागलो.

किती वेळ पुसला? सांगता येत नाही. बाहेर भिवाचा आवाज आला. तो तिला न्यायला आला होता. पोरीला समजावत होता, आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "चल माय. गुरुजीची चूक न्हाई. तुहा हातच आखूड हाय बिलकुल."

त्याला सगळं कळलं होतं. तरी माझं खोटं त्याने आपल्या तोंडाने पुरं केलं. पोरीला खरं कारण कळण्यापेक्षा आखूड हात बरा, असं त्याला वाटलं असेल का? की त्याला ते मला ऐकवायचं होतं? मी दाराशी जाऊन पाहिलं नाही. पुढेही तो दरवर्षी केरसुण्या आणत राहिला, आणि मी दरवर्षी हळदकुंकू लावत राहिलो.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या वर्षी माझी बदली जाफराबादेकडच्या एका गावी झाली. नवी शाळा, तेच आठ दिवस. केरसुणीसाठी बाजारात गेलो, तर शिंदीच्या ढिगामागे बसलेली एक बाई उठून उभी राहिली. कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी.

"वळखलं न्हाई का गुरुजी? भिवाची सारजा. हितंच दिलं मला."

मी ओळखलं नव्हतं. शेजारी तिची सासू बसली होती, तिला ती कौतुकाने सांगू लागली, "आमच्या गावचे मास्तर हे. लई भला मानूस. दर साली मला बघायचे. माहाच हात आखूड पडला, ते तरी काय करतील?" मग तिने कडेवरच्या पोरीचा इवलासा हात धरून डोक्यावरून ओढला. बोटं जेमतेम टाळूपर्यंत आली. पोर किरकिरली. सारजा हसून म्हणाली, "हिचा मातर आखूड राहू द्यायची न्हाई. न्हाऊ घालताना रोज तेल लावून वढती मी."

एक वाक्य पुरे होतं. तुझा हात पहिल्याच साली लागला होता, सारजा. भर बाजारात, पण तिच्यापुरतं, हळू आवाजात म्हणता आलं असतं. आता पाटील नव्हते, साहेब नव्हते. शाळा बंद पडणार नव्हती. पण मला "लई भला मानूस" ऐकून बरं वाटलं होतं, आणि ते मला सोडवेना. खरं सांगतो, कारण एवढंच होतं.

मी म्हणालो, "इतका जोरात ओढू नको, दुखेल तिला."

"बरं जी," ती म्हणाली, आणि ढिगातून निवडून सगळ्यात चांगली केरसुणी माझ्या हातात दिली.

केरसुणीला हळदकुंकू लावून मी ती नव्या खोलीत नेली. खोली झाडली, सारवून घेतली, चुन्याच्या रेघा मारल्या. पोत्यांच्या पट्ट्या अंथरल्या. दाराजवळ एक पोर बसेल एवढी जागा उरली होती. मी तिथे रांजण ठेवला.